गर्भारपणातील प्रतिजैविके : आईचा लाभ आणि बाळाचा लाभ

प्रसूतीच्या कळा सुरू झालेल्या स्त्रीला अॅझिथ्रोमायसिन या प्रतिजैविकाची एकच मात्रा दिल्यास तिला होणाऱ्या गंभीर जंतुसंसर्गाचे प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने घटते; मात्र तिच्या नवजात बाळाला त्याचा तसा लाभ होत नाही, असा निष्कर्ष सात देशांत झालेल्या एका मोठ्या वैद्यकीय चाचणीतून २०२३ मध्ये पुढे आला. या चाचणीत भारतातील दोन केंद्रांचा समावेश होता. एक नागपूरचे आणि दुसरे बेळगावचे.

या निष्कर्षामुळे एक जुना प्रश्न नव्याने चर्चेत आला. गर्भवतीला दिलेले प्रतिजैविक एकाच वेळी दोन जीवांपर्यंत पोहोचते. एकाला उपयोगी पडलेले औषध दुसऱ्यालाही उपयोगी पडेलच, असे नाही. काही औषधे बाळाला अपाय करतात, तर काही वेळा औषध न दिल्यानेच बाळाचा जीव धोक्यात येतो. त्यामुळे 'गर्भारपणात प्रतिजैविके घ्यावीत का' या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देता येत नाही. कोणता आजार, कोणते औषध आणि गर्भारपणाचा कितवा महिना या तीन गोष्टींवर ते अवलंबून असते.

नागपूर आणि बेळगावची चाचणी

'ए-प्लस' या नावाने ओळखली जाणारी ही चाचणी सप्टेंबर २०१९ ते ऑगस्ट २०२२ या काळात झाली. भारत, पाकिस्तान, बांगलादेश, केनिया, झांबिया, काँगो लोकशाही प्रजासत्ताक आणि ग्वाटेमाला या देशांतील २९ हजार २७८ स्त्रिया तिच्यात सहभागी झाल्या. नागपुरात लता मेडिकल रिसर्च फाउंडेशन आणि बेळगावात जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय या संस्थांनी हे काम पाहिले.

नैसर्गिक प्रसूती अपेक्षित असलेल्या आणि गर्भारपणाचे किमान २८ आठवडे पूर्ण झालेल्या स्त्रियांची त्यासाठी निवड करण्यात आली. निम्म्या स्त्रियांना प्रसूतिवेदना सुरू झाल्यावर दोन ग्रॅम अॅझिथ्रोमायसिन तोंडावाटे देण्यात आले, तर उरलेल्यांना तशीच दिसणारी, परंतु औषध नसलेली मात्रा देण्यात आली. कोणाला काय मिळाले, हे स्त्रियांना वा डॉक्टरांना ठाऊक नव्हते.

औषध मिळालेल्या गटात रक्तातील जंतुसंसर्ग किंवा मृत्यू यांचे प्रमाण १.६ टक्के, तर दुसऱ्या गटात ते २.४ टक्के आढळले. म्हणजेच दर हजार स्त्रियांमागे आठ जणी या संकटातून वाचल्या. दोन्ही गटांत मातामृत्यू अत्यल्प होते. हा फरक प्रामुख्याने जंतुसंसर्गातील घटीमुळे दिसून आला. मातांना होणारा लाभ स्पष्ट झाल्याने देखरेख समितीच्या शिफारशीवरून नवीन स्त्रियांची नोंदणी नियोजित संख्या पूर्ण होण्याआधीच थांबविण्यात आली.

बाळांच्या बाबतीत मात्र चित्र निराळे होते. मृतावस्थेत जन्म, पहिल्या चार आठवड्यांतील मृत्यू किंवा जंतुसंसर्ग यांचे एकत्रित प्रमाण औषध मिळालेल्या गटात १०.५ टक्के, तर दुसऱ्या गटात १०.३ टक्के होते. या दोहोंत संख्याशास्त्रीयदृष्ट्या फरक मानता येत नाही. पश्चिम आफ्रिकेतील गांबिया आणि बुर्किना फासो या देशांत याच औषधाची स्वतंत्र चाचणी घेण्यात आली. तिच्यातही नवजात बाळांचे जंतुसंसर्ग वा मृत्यू कमी झाल्याचे दिसले नाही.

औषध बाळापर्यंत कसे पोहोचते

आईच्या रक्तातील बहुतेक प्रतिजैविके वारेतून गर्भाच्या रक्तात जातात. पेनिसिलिन गटातील औषधे सहज पलीकडे जातात. एरिथ्रोमायसिनसारखी औषधे मात्र फारच कमी प्रमाणात गर्भापर्यंत पोहोचतात.

गर्भारपणात स्त्रीच्या शरीरातील रक्तद्रवाचे प्रमाण जवळपास निम्म्याने वाढते आणि मूत्रपिंडांचे कामही वाढते. परिणामी काही प्रतिजैविके एरवीपेक्षा लवकर शरीराबाहेर टाकली जातात आणि रक्तातील त्यांची पातळी कमी राहते. 'बाळासाठी जपून' म्हणून स्वतःच्या मनाने अर्धी गोळी घेणाऱ्या स्त्रीला औषधाचा पुरेसा गुण येत नाही, जंतू जिवंत राहतात आणि बाळाला औषधाचा स्पर्श होतो तो होतोच. मात्रा कमी करणे हा सुरक्षिततेचा मार्ग नव्हे.

उपचार न केल्यास होणारा धोका

गर्भारपणात सर्वाधिक आढळणारा जंतुसंसर्ग मूत्रमार्गाचा असतो. संप्रेरकांच्या प्रभावाने मूत्रवाहिन्या सैल पडतात आणि वाढत्या गर्भाशयाचा त्यांवर दाब येतो. त्यामुळे लघवी साचून राहते व जंतूंची वाढ होण्यास वाव मिळतो. अनेक स्त्रियांच्या लघवीत कोणतेही लक्षण नसताना जंतू असतात. उपचार न झाल्यास त्यांतील काहींचा संसर्ग मूत्रपिंडापर्यंत जातो. थंडी वाजून ताप येणे, कंबरेच्या वरच्या भागात दुखणे, उलट्या होणे ही त्याची लक्षणे होत. अशा आजारात वेळेआधी प्रसूती होण्याचा आणि बाळाचे वजन कमी भरण्याचा धोका वाढतो. म्हणूनच लघवीत जंतू आढळलेल्या गर्भवतीला त्रास नसला तरी सात दिवसांचे औषध द्यावे, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने केली आहे.

सिफिलिस अर्थात उपदंश हे याचे आणखी ठळक उदाहरण आहे. हा आजार आईकडून बाळाला होतो आणि त्यामुळे गर्भपात, मृतावस्थेत जन्म किंवा बाळात जन्मजात व्यंग उद्भवू शकते. यावर पेनिसिलिन हेच खात्रीचे औषध आहे. ते वारेतून पलीकडे जाऊन गर्भावरही उपचार करते. एरिथ्रोमायसिनने आईची लक्षणे ओसरली तरी औषध पुरेशा प्रमाणात गर्भापर्यंत न पोहोचल्याने बाळ असुरक्षित राहू शकते. सरकारी रुग्णालयांत गर्भवतीच्या रक्ताची उपदंशासाठी तपासणी केली जाते, ती याच कारणाने.

क्षयरोगाबाबतही हेच म्हणता येईल. औषधांच्या भीतीने गर्भवतीने क्षयाचे उपचार थांबविले, तर आई आणि बाळ या दोघांनाही धोका असतो. क्षयावरील आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन आणि इथॅम्ब्युटॉल ही प्रमुख औषधे गर्भारपणातही दिली जातात.

कोणती औषधे दिली जातात

पेनिसिलिन, अॅम्पिसिलिन, अमॉक्सिसिलिन आणि सेफालेक्सिनसारखी सेफालोस्पोरिन गटातील औषधे गर्भारपणात तुलनेने सुरक्षित मानली जातात. त्यांच्या वापराचा अनुभव अनेक दशकांचा आहे. पुण्याजवळ पिंपरी येथे १९५४ मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या सरकारी कारखान्यात जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साह्याने पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले, तेव्हापासून हे औषध भारतातील प्रसूतिगृहांच्या परिचयाचे आहे. मात्र पेनिसिलिनची अॅलर्जी असलेल्या स्त्रीने ती गोष्ट डॉक्टरांना आधीच सांगणे अत्यावश्यक आहे.

मेट्रोनिडाझोल या औषधाविषयी पूर्वी बरीच शंका घेतली जात असे. त्यामुळे बाळात व्यंग निर्माण होत असल्याचे नंतरच्या अभ्यासांत दिसून आले नाही आणि गरज असेल तेव्हा डॉक्टर ते देतात.

कोणती औषधे टाळली जातात

टेट्रासायक्लिन गटातील औषधे गर्भाच्या हाडांत आणि दातांत साचतात. दुधाच्या दातांची जडणघडण गर्भारपणाच्या मध्यावर सुरू होते. त्या काळात हे औषध घेतल्यास बाळाचे दात पिवळट किंवा तपकिरी होऊ शकतात.

क्षयरोगावर दिल्या जाणाऱ्या स्ट्रेप्टोमायसिनच्या इंजेक्शनांमुळे गर्भाच्या कानाच्या मज्जातंतूला इजा होऊन बाळ जन्मतः बहिरे झाल्याच्या नोंदी आहेत. क्लोरॅम्फेनिकॉल हे औषध पचवून बाहेर टाकण्याची क्षमता नवजात बाळाच्या यकृतात नसते. १९५९ मध्ये अशा बाळांची त्वचा राखाडी पडून रक्ताभिसरण कोलमडल्याच्या घटना प्रसिद्ध झाल्या. तेव्हापासून प्रसूतीच्या सुमारास हे औषध टाळले जाते.

ट्रायमेथोप्रिम हे औषध शरीरातील फॉलिक आम्लाच्या कार्यात अडथळा आणते. पहिल्या तीन महिन्यांत गर्भाचा मेंदू आणि पाठीचा कणा आकार घेत असतात व त्यासाठी फॉलिक आम्ल आवश्यक असते. म्हणून या काळात हे औषध सहसा दिले जात नाही. त्याच्यासोबत एकाच गोळीत येणारे सल्फा औषध प्रसूती जवळ आली असता टाळतात, कारण त्याने नवजात बाळाची कावीळ वाढण्याची भीती असते. मूत्रमार्गाच्या संसर्गावर दिले जाणारे नायट्रोफ्युरँटॉइन हे औषधही शेवटच्या दिवसांत देत नाहीत. त्यामुळे बाळाच्या लाल रक्तपेशी फुटण्याची शक्यता असते.

सिप्रोफ्लॉक्सासिन आणि तत्सम औषधांनी वाढत्या वयाच्या प्राण्यांच्या सांध्यांतील कूर्चेला इजा झाल्याचे प्रयोगांत आढळले होते. मानवी गर्भाबाबत तसा ठोस पुरावा नसला, तरी पर्याय उपलब्ध असताना ती दिली जात नाहीत.

याचा अर्थ असा नव्हे की, गर्भधारणेची कल्पना नसताना यांपैकी एखादी गोळी घेतली गेल्यास बाळाला इजा झालीच आहे. अशा वेळी घाबरून परस्पर निर्णय न घेता औषधाचे नाव, तारीख आणि मात्रा यांची माहिती डॉक्टरांना द्यावी.

सात वर्षांनी दिसलेला परिणाम

प्रतिजैविकाचा परिणाम प्रसूतीच्या वेळीच दिसतो असे नाही, हे ब्रिटनच्या पुढाकाराने झालेल्या 'ओरॅकल' चाचण्यांनी दाखवून दिले. वेळेआधी प्रसूतिवेदना सुरू झालेल्या किंवा पाणमोट फुटलेल्या हजारो स्त्रियांना या चाचण्यांत एरिथ्रोमायसिन, को-अमॉक्सिक्लॅव्ह, ही दोन्ही औषधे किंवा औषधविरहित गोळ्या देण्यात आल्या. त्यांचे निष्कर्ष २००१ मध्ये प्रसिद्ध झाले.

पाणमोट वेळेआधी फुटलेल्या स्त्रियांच्या बाळांना एरिथ्रोमायसिनचा फायदा झाला. को-अमॉक्सिक्लॅव्ह मिळालेल्या स्त्रियांच्या बाळांत मात्र आतड्याच्या पेशी मृत पावण्याचा गंभीर आजार अधिक आढळला. ज्या स्त्रियांना वेळेआधी कळा आल्या, परंतु पाणमोट फुटलेली नव्हती, त्यांच्या बाळांना कोणत्याच औषधाचा लाभ झाला नाही.

ही मुले सात वर्षांची झाल्यावर त्यांची पुन्हा पाहणी करण्यात आली. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांनी वैद्यकीय जगाला विचार करायला लावले. पाणमोट शाबूत असताना एरिथ्रोमायसिन घेतलेल्या स्त्रियांच्या मुलांत सेरेब्रल पाल्सी या मेंदूच्या विकाराचे प्रमाण ३.३ टक्के आढळले, तर ते न घेतलेल्यांच्या मुलांत ते १.७ टक्के होते. पाणमोट फुटलेल्या गटातील मुलांत असा फरक दिसला नाही. हे का घडले, याचे निश्चित कारण सांगता आलेले नाही. पण गरज नसताना दिलेले औषध निरुपद्रवी असते, ही समजूत त्यामुळे ढासळली.

या पार्श्वभूमीवर जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये आपल्या शिफारशी मांडल्या. पाणमोट वेळेआधी फुटल्यास, सिझेरियन शस्त्रक्रियेपूर्वी, वार हाताने काढावी लागल्यास किंवा प्रसूतीच्या वेळी मोठी जखम झाल्यास प्रतिजैविक द्यावे, असे त्यांत नमूद करण्यात आले. पाणमोट शाबूत असताना केवळ वेळेआधी कळा आल्या म्हणून, किंवा गुंतागुंत नसलेल्या प्रत्येक नैसर्गिक प्रसूतीत सरसकट, ते देऊ नये, असेही त्या शिफारशींत म्हटले होते.

आतड्यातील जीवाणू आणि दमा

जन्माच्या वेळी बाळाच्या आतड्यात उपयुक्त जीवाणूंची वसाहत सुरू होते. प्रसूतीच्या वेळी आईला प्रतिजैविक दिल्यास बाळाच्या आतड्यातील बायफिडोबॅक्टेरिया या जीवाणूंचे प्रमाण काही आठवडे कमी राहते, असे अनेक अभ्यासांत आढळले आहे. स्तनपानाने ही घट भरून येण्यास मदत होते.

गर्भारपणातील प्रतिजैविकांचा संबंध मुलांच्या दम्याशीही जोडला जातो. स्वीडनमधील एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. सर्व मुलांची तुलना केली असता हा संबंध दिसला. मात्र एकाच आईच्या दोन मुलांची तुलना केली असता तो नाहीसा झाला. कुटुंबातील आनुवंशिकता, घरातील वातावरण किंवा मूळ आजार यांचा तो परिणाम असू शकतो, असा याचा अर्थ लावला जातो. त्यामुळे आवश्यक असलेले औषध दम्याच्या भीतीने टाळणे योग्य ठरत नाही.

न दबणारे जंतू

नवजात बाळांच्या जंतुसंसर्गाचा प्रश्न भारतात आणखी एका कारणाने बिकट झाला आहे. दिल्लीतील तीन मोठ्या रुग्णालयांत २०११ ते २०१४ या काळात जन्मलेल्या बाळांची पाहणी करण्यात आली आणि तिचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. रक्तात जंतू आढळलेल्या बाळांत अॅसिनेटोबॅक्टर या जंतूचे प्रमाण २२ टक्के आणि क्लेबसिएलाचे १७ टक्के होते. अॅसिनेटोबॅक्टर जंतूंपैकी ८२ टक्के जंतू अनेक प्रतिजैविकांना दाद देत नव्हते.

प्रतिजैविकांचा वापर जितका सरसकट, तितकी औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंची वाढ वेगाने होते. 'ए-प्लस' चाचणीच्या निष्कर्षांनंतर तज्ज्ञांना पडलेला पेच हाच आहे. दर हजारी आठ मातांना गंभीर आजारापासून वाचविण्यासाठी हजार जणींना औषध द्यावे लागते. ज्या भागात प्रसूतीनंतरचा जंतुसंसर्ग हे मातामृत्यूचे मोठे कारण आहे, तेथे हा सौदा योग्य ठरू शकतो. जेथे स्वच्छता आणि उपचारांच्या सोयी चांगल्या आहेत, तेथे त्याचा फेरविचार करावा लागतो.

आईला दिलेल्या एका मात्रेने बाळाचा प्रश्न सुटत नसेल, तर बाळाकडे जन्मानंतर स्वतंत्रपणे लक्ष द्यावे लागते. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने नव्वदच्या दशकात हे करून दाखविले. गावातील प्रशिक्षित आरोग्यदूत बाळंतिणीच्या घरी जाऊन बाळाची तपासणी करीत आणि जंतुसंसर्गाची लक्षणे दिसल्यास पालकांच्या संमतीने प्रतिजैविकाचे उपचार देत. बाळाला ऊब, स्तनपान आणि स्वच्छता मिळेल, हेही पाहिले जाई. या गावांतील नवजात मृत्युदरात झालेली मोठी घट १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याची पद्धत पुढे 'आशा' कार्यकर्त्यांमार्फत देशभर नेण्यात आली.

दुकानातील गोळी आणि कायदा

कोलकाता बंदराच्या गोद्यांना लागून असलेल्या खिदिरपूरसारख्या दाट वस्तीत असो वा विदर्भातील तालुक्याच्या गावी, ताप किंवा लघवीची जळजळ सुरू झाली की पहिला सल्ला पुष्कळदा औषधाच्या दुकानातच घेतला जातो. दुकानदाराला ग्राहक स्त्री गर्भवती असल्याचे ठाऊक असतेच असे नाही. पहिल्या काही आठवड्यांत तर ते तिलाही ठाऊक नसते. गर्भाचे अवयव तयार होण्याचा नेमका हाच काळ असतो.

कायद्यानुसार प्रतिजैविके डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. १ मार्च २०१४ पासून लागू झालेल्या 'एच-१' या अनुसूचीनुसार त्यांतील निवडक औषधांच्या विक्रीची स्वतंत्र नोंदवही ठेवणे दुकानदारांवर बंधनकारक करण्यात आले. २०१६ मध्ये केंद्र सरकारने गोळ्यांच्या पाकिटावरील उभ्या लाल रेषेविषयी जनजागृती मोहीम सुरू केली. अशी रेषा असलेले औषध डॉक्टरांच्या सल्ल्याविना घेऊ नये, असा तिचा अर्थ आहे.

गर्भवतीने लक्षात ठेवण्याच्या गोष्टी

डॉक्टरांकडे कोणत्याही आजारासाठी गेल्यावर आपण गर्भवती आहोत किंवा पाळी चुकली आहे, हे आधी सांगावे. दंतवैद्य आणि त्वचारोगतज्ज्ञ यांनाही ते सांगणे तितकेच गरजेचे आहे.

सर्दी आणि साधा खोकला हे बहुधा विषाणूंमुळे होतात. त्यांवर प्रतिजैविकांचा उपयोग होत नाही.

घरातील उरलेल्या गोळ्या, शेजारणीला लागू पडलेले औषध किंवा जुनी चिठ्ठी वापरू नये. लिहून दिलेले औषध पूर्ण मुदतीपर्यंत घ्यावे. पुरळ, धाप किंवा तीव्र जुलाब झाल्यास लगेच डॉक्टरांना दाखवावे.

ताप, थंडी, लघवीची जळजळ, दुर्गंधीयुक्त स्राव किंवा पाणी जाणे ही लक्षणे अंगावर काढू नयेत. प्रसूतीनंतर सहा आठवड्यांपर्यंत ताप आल्यास त्याकडेही दुर्लक्ष करू नये. बाळंतपणानंतर दिल्या जाणाऱ्या बहुतेक प्रतिजैविकांच्या काळात स्तनपान सुरू ठेवता येते. डॉक्टरांना विचारल्याखेरीज ते बंद करू नये.

बाळ दूध पिईनासे झाले, मलूल पडले, अंग थंड किंवा तापलेले लागले, श्वास जलद चालू लागला, तर आईने प्रसूतीच्या वेळी औषध घेतले होते म्हणून निर्धास्त राहू नये. बाळाला तातडीने रुग्णालयात न्यावे.

प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानांतर्गत दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी रुग्णालयांत गर्भवतींची मोफत तपासणी करण्याची योजना २०१६ मध्ये सुरू झाली. लघवी आणि रक्ताच्या वेळेवर झालेल्या तपासणीमुळे जंतुसंसर्ग आहे की नाही, हे कळते. ज्या स्त्रीला औषधाची गरज आहे तिला ते वेळेत मिळणे आणि जिला गरज नाही तिच्या बाळापर्यंत ते न पोहोचणे, या दोन्ही गोष्टी अशा तपासणीमुळे साध्य होतात.